बिल्ल्याला डाग

कारागिरांनी बिल्ला पालथा केला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. मागची पिन मुळापासून तुटली होती, तिच्या जागी कथलाचा करडा ठिपका तेवढा उरला होता. "पहिलाच डाग आहे हा," ते म्हणाले. "मध्ये कुणी हात लावलेला नाही."

वडील एस.टी.त कंडक्टर होते. हा पितळी बिल्ला त्यांच्या खाकी शर्टाच्या डाव्या छातीवर असायचा. ते निवृत्त झाले आणि बिल्ला देवघराच्या खणात गेला. पिन कधी तुटली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो रुमालात गुंडाळून मी रविवार पेठेतल्या या लहानशा कारखान्यात आले होते. "आधी हातातलं संपवतो," म्हणत त्यांनी मला स्टूल दिलं, आणि त्या थांबण्यात सकाळ गेली.

हातात होते शाळेतल्या मुलांच्या गणवेशावरचे गोल बिल्ले. पितळेच्या पत्र्यावर जेवढं उंच राहायला हवं, म्हणजे अक्षरं, कडा आणि मधली समई, तेवढ्यावर काळा लेप चढवलेला. बाकीचं पितळ उघडं. असा पत्रा फेरिक क्लोराइडच्या तांबूस तपकिरी पाण्यात सोडायचा आणि ट्रे हलवत राहायचा. हात थांबला की पत्रा सगळीकडे सारखा खाल्ला जात नाही. उघडं पितळ हळूहळू विरघळतं, लेपाखालचं शाबूत राहतं. मग पत्रा धुऊन, लेप काढून, खोलगट भागात निळा रंग भरायचा आणि भट्टीत तापवायचा. या क्षणी बिल्ला अगदी बिघडल्यासारखा दिसतो, अक्षरांवरही निळं सांडलेलं. पण कारागिरांनी तो पाण्याखाली धरून पॉलिश पेपरवर गोल गोल घासला, आणि निळ्यातून शाळेचं नाव पिवळं होऊन वर आलं. हे मी चार वेळा पाहिलं. चारही वेळा तितकाच आनंद झाला.

माझा बिल्ला या जातीचा नव्हता. तो ठशाचा. अक्षरं साच्यात दाबून उठवलेली, नंबर मात्र नंतर हाताने ठोकलेला. त्यांनी आकड्यांच्या ठशांची लाकडी पेटी उघडून दाखवली. इंग्रजी आकडे दहा, ठसे नऊच: सहाचा ठसा उलटा धरला की नऊ. एकेक ठसा जागेवर धरून वर हातोडीचा एकच घाव. दुसरा घातला तर आकडा दुहेरी उमटतो. मनगट जरा कललं की आकडाही कलतो. आमच्या बिल्ल्यावरचा शेवटचा सात असाच कललेला आहे. लहानपणी मला वाटायचं, बाबांचा सात मुद्दामच तसा केलाय.

बोलता बोलता ते एक वाक्य बोलले, ते मी तिथेच लिहून घेतलं. "छातीवर लागतो तो बिल्ला, पट्ट्यावर बसतं ते बक्कल, गळ्यात पडतं ते पदक. माल एकच, पितळ. अंगावर कुठे बसणार त्यावर नाव."

आपल्या भाषेने खरोखरच हा हिशेब नीट ठेवला आहे. गळ्यातल्या माळेत मधोमध लोंबणारं ते पदक, आणि खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीत आणलं तेही पदकच. कुंकवाच्या करंड्यापासून करंडक फार लांब नाही, म्हणून पुरुषोत्तम करंडक उंचावणाऱ्या पोरांच्या हातात मला नेहमी आधी आजीचा करंडा दिसतो. तुरा आणि शिरपेच डोक्यावरचे. पण हे झाले मानाचे शब्द. जीव मला कामाच्या शब्दांत जास्त सापडतो, कारण तिथे धातू माणसाला चिकटून त्याचं नावच होऊन बसला आहे. कमरेच्या किंवा खांद्यावरच्या पट्ट्यावरची पितळी पाटी म्हणजे चपरास. शब्द फारसीतून आला: चप म्हणजे डावा, रास्त म्हणजे उजवा. चपरास लावणारा तो चपराशी. पट्टा लावणारा पट्टेवाला. पाटी गेली, पट्टाही गेला, माणूस मात्र त्याच नावाने हाक ऐकत राहिला. पोलीस शिपायाचा आजही बक्कल नंबर असतो. स्टेशनवरच्या हमालाचा दंडावरचा बिल्ला तर घरातल्या घरात वारसाने पुढे जातो, जमिनीच्या तुकड्यासारखा. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी हमालांना 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं. नाव चांगलंच आहे. पण फलाटावर अजून बिल्लाच विचारला जातो, आणि ते मला योग्य वाटतं, कारण तो त्यांनी मिरवलेला आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तिच्या वाहकाचं नाव, लक्ष्मण केवटे, आज सांगितलं जातं. त्यांच्यामागून आलेल्या हजारोंना प्रवाशांनी नंबरानेच ओळखलं, तेही भांडणात. "बिल्ला नंबर सांगा तुमचा!" सुट्ट्या पैशांवरून गाडीत आवाज चढला की हे ठरलेलं. बाबा नंबर तोंडाने सांगत नसत. किंचित पुढे वाकत, समोरच्याला नीट वाचता यावा म्हणून. मी शेजारच्या सीटवर बसून हे पाहिलेलं आहे. त्यांना आयुष्यात पदक कधी मिळालं नाही. पण ते वाकणं ज्याने पाहिलं त्याला त्यांची ऐट कळली असती.

माझी पाळी आली. त्यांनी मागचा जुना ठिपका कानशीने घासून पितळ उघडं केलं, काडीने तेजाबाचा थेंब लावला. तापलेल्या सळईचं तांब्याचं टोक नवसागरावर टेकवताच पांढरा, नाकात जाणारा धूर उठला. टोकाने कथील उचललं, पिनच्या बुडाशी टेकवलं. कथील पाण्यासारखं पसरलं, चमकलं, आणि पाहता पाहता विटून थिजलं. "बसला डाग," ते म्हणाले. बाकावरच्या खाकी कापडाच्या चिंधीवर त्यांनी बिल्ला लावून दोनदा ओढून पाहिला.

"बफ मारू? नवा दिसेल."

मी बिल्ला सरळ केला. दर रविवारी आई तो चिंचेच्या कोळाने घासायची. वर्षानुवर्षं घासून आकडे आधीच उथळ झाले होते. आणखी एक थर गेला असता तर पहिला आकडा वाचता आला नसता.

"नको," म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, चाळीस रुपये घेतले. बिल्ला अजून कोमट होता. बाहेर गल्लीत येऊन मी नंबरावरून अंगठा फिरवला. सगळे आकडे बोटाला लागले, शेवटी तो कललेला सात.