शिक्का कोणाच्या हातात?

"सुधीर ढवळे आंबेडकरी की माओवादी?" हा प्रश्न आम्हाला गेल्या काही वर्षांत किती वेळा विचारला गेला, याची मोजदाद नाही. कोर्टाच्या बार रूममध्ये विचारला जातो, विहारात वंदना झाल्यावर चहा पिताना विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. आम्ही त्याला उलट विचारतो, "दादा, तुम्ही त्यांच्या 'विद्रोही'चा एखादा अंक वाचला आहे काय?" उत्तर ठरलेले असते, "वाचला नाही, पण पेपरात आले होते."

म्हणजे ज्याने लिहिले त्याचे वाचायचे नाही आणि ज्यांनी त्याच्यावर शिक्का मारला त्यांचे मात्र वाचायचे! हा कुठला न्याय?

आधी वस्तुस्थिती पाहू. ढवळे हे 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक आणि रिपब्लिकन पँथर्सचे संस्थापक कार्यकर्ते. जानेवारी 2011 मध्ये वर्धा येथील आंबेडकरी साहित्य संमेलन आटोपून परतताना त्यांना रेल्वे स्थानकावर अटक झाली. यूएपीए लावला, राजद्रोहाचे कलमही लावले. घरातली पुस्तके जप्त झाली. 2014 च्या मे महिन्यात गोंदियाच्या सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर 40 महिने तुरुंगात गेले होते. ते कोणी परत दिले? कोणी नाही. शिक्का पुसला गेला काय? तोही नाही.

पुढे 31 डिसेंबर 2017 रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. परिषदेचे प्रमुख आयोजक आम्हीच होतो, असे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील यांनी जाहीरपणे सांगितले. तरीही 6 जून 2018 रोजी ढवळे यांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2025 रोजी त्यांना जामीन दिला. दीर्घकाळ तुरुंगवास झाला आहे आणि खटला लवकर संपण्याची शक्यता नाही, हे त्याचे कारण. साडेसहा वर्षे गेली आणि आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. याच खटल्यातले फादर स्टॅन स्वामी तर 5 जुलै 2021 रोजी कोठडीत असतानाच गेले.

खटला न्यायप्रविष्ट आहे. आम्ही वकील आहोत, त्यामुळे कोण दोषी, कोण निर्दोष यावर आम्ही येथे बोलणार नाही. ते पुराव्यावर ठरेल. आमचा प्रश्न पुराव्याच्या आधी मारल्या जाणाऱ्या शिक्क्याचा आहे.

भारतीय संविधानाच्या कलम 19(1)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. 2015 साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. एखाद्या विचाराची चर्चा करणे, एवढेच नव्हे तर त्याचा पुरस्कार करणे, हा नागरिकाचा हक्क आहे. तो चिथावणीपर्यंत पोहोचला तरच कायदा हात घालू शकतो. पण यूएपीएचे कलम 43-ड(5) असे आहे की आरोपपत्र वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन मिळत नाही. अशा कायद्याखाली 'माओवादी विचारांचा' एवढा शिक्का बसला की माणसाची वर्षानुवर्षे तुरुंगात जातात. शिक्षा शेवटी होवो न होवो, ती आधीच भोगून होते. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, त्यात 'कडवी डावी विचारसरणी' हे शब्द आले. कडवे कोण आणि डावे कोण, हे सरकार ठरवणार! खैरलांजीचा विसर पडला काय? 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची भाषा केली. आपल्या आयाबहिणींच्या आक्रोशावरही तोच शिक्का बसला होता. तेव्हा तो आपल्याला खोटा वाटला. मग दुसऱ्यावर बसताना न तपासता खरा कसा वाटतो?

काही बांधव म्हणतील, "वकीलसाहेब, बाबासाहेबांचा आणि कम्युनिस्टांचा विरोध तुम्हाला ठाऊक नाही काय?" ठाऊक आहे. आणि आम्हीही त्या विरोधाच्या बाजूचे आहोत. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून द्या, असे स्वच्छ सांगितले. 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसा आणि हुकूमशाही नाकारली. बंदुकीचा मार्ग आमचा नाही, कधीच नव्हता.

पण बाबासाहेबांनी हे कसे केले तेही पाहावे. 1929 च्या गिरणी संपात त्यांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना विरोध केला. त्याच बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1938 रोजी कामगारविरोधी विधेयकाच्या विरोधात कम्युनिस्टांबरोबर मुंबईत एक दिवसाचा संप केला. प्रश्न पाहून सोबत केली आणि तत्त्व पाहून विरोध केला. मार्क्स वाचून नाकारला. कोणाच्या सांगण्यावरून नाही. स्वतः ते संपादक होते. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला, तेव्हापासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंत त्यांनाही इंग्रजांचे हस्तक म्हणून हिणवले गेले. 1997 साली अरुण शौरी या पत्रकाराने तोच आरोप पुस्तकभर केला. 'मूकनायक' ज्यांनी वाचला नाही, त्यांनाच तो आरोप पटला.

आपल्या चळवळीतही हे घडले आहे. 1972 साली राजा ढाले यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला. दलित स्त्रीच्या अब्रूची किंमत काय, हा त्यातला सवाल होता. तो बाजूला राहिला आणि ढालेंवर राष्ट्रध्वजाच्या अवमानाचा, देशद्रोहाचा शिक्का बसला. दोनच वर्षांत, 1974 मध्ये, पँथर फुटली ती नामदेव ढसाळ कम्युनिस्ट की आंबेडकरी या वादावर. आणि हा आक्षेप घेण्यात ढालेच पुढे होते. वाद खोटा नव्हता, बौद्ध विचार की मार्क्सवाद हा खरा प्रश्न होता. पण वादाची जागा शिक्क्याने घेतली आणि लढाऊ संघटना गेली. पुढे ढसाळ शिवसेनेच्या जवळ गेले. म्हणजे 'कम्युनिस्ट' हा शिक्काही त्यांच्याबद्दल फारसे काही सांगत नव्हता! आज दोघेही हयात नाहीत. त्यांचे लेखन मात्र आहे, ते वाचून कोणीही आपले मत बनवू शकतो.

आपणही या रोगातून सुटलेलो नाही, हे कबूल केले पाहिजे. एखाद्या पत्रकाराने आपल्या नेत्यावर टीका केली की तो लगेच 'संघाचा', 'दलाल', 'ब्राह्मणवाद्यांचा हस्तक' ठरतो. टीका खरी की खोटी हे कोणी पाहत नाही. प्रस्थापितांचा शिक्का आणि आपला शिक्का यांच्या रंगात फरक असेल, शाई एकच आहे.

तेव्हा आम्ही समाजबांधवांपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, कोणाही लेखक-पत्रकाराच्या विचाराबद्दल बोलण्यापूर्वी त्याचे लेखन वाचा आणि मग त्यातले वाक्य दाखवून भांडा. दोन, वैचारिक मतभेद विहारात, सभेत, आपल्या पत्रांतून उघडपणे मांडा, पण आपला मतभेद पोलिसांच्या फायलीतला पुरावा होऊ देऊ नका. तीन, आरोपी आपल्या मताचा असो वा नसो, त्याला वेळेत खटला आणि कायद्याचे संरक्षण मिळालेच पाहिजे, ही मागणी सोडू नका. ती मागणी संविधानाची आहे.

आता कोणी पुन्हा विचारील, "ढवळे नक्की कोण?" आमचे उत्तर असे: त्यांना विचारा. ते लिहितात, बोलतात. पटले तर घ्या, न पटले तर खोडून काढा. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते, की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. बौद्ध म्हणवून घेणाऱ्या माणसाने निदान एवढे तरी पाळायला नको काय?

जय भीम.