मुलकी, गैरमुलकी आणि शिक्षकाचे दाखले

विद्वानास सर्वत्र मान असतो, असे आपण मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेत आलो. परंतु तो विद्वान शिक्षकी पेशात शिरू पाहणारा असेल आणि त्यास एका राज्याची शीव ओलांडून दुसऱ्या राज्यात जावयाचे असेल, तर मानाच्या आधी त्याच्याकडे दाखले मागितले जातात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. हल्ली आपल्या कुटुंबांतील सोयरिकी बिदर, कलबुर्गी, हैदराबाद येथपर्यंत जुळतात. सून शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन घरात येते, आणि तिची तिकडची परीक्षा इकडे चालेल की नाही, याचा खल वर्षभर चालतो. या प्रश्नाचा विचार धाराशिव जिल्ह्याच्या आधाराने करावा असे आम्ही योजिले आहे. कारण या जिल्ह्यात शिक्षक राज्य बदलून आले तसेच, शिक्षक जागेवरच असता त्याच्याभोवतीचे राज्य बदलले, असेही घडले आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत सोलापूर व बार्शी इंग्रजी मुलखात आणि तुळजापूर व धाराशिव निजामाच्या मुलखात होते. बार्शी लाईट रेल्वेची लहानशी गाडी सकाळी इंग्रजी अंमलातून निघून येडशीच्या बाजूस आली की उतारूचे नाणे बदले: हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. सन बदले, तो फसली होई. शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वरच्या शिक्षणाची भाषा बदले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. एका देशी भाषेतून सर्व शास्त्रे शिकविण्याचे धाडस हिंदुस्थानात प्रथम या विद्यापीठाने केले, आणि हे श्रेय त्यास द्यावयास आमची मुळीच हरकत नाही. पण मराठी, तेलुगू व कानडी मुलांच्या वाट्यास ती देशी भाषा परकीच होती, हेही तितकेच खरे.

या राज्यात सरकारी नोकरी मिळावयाची तर उमेदवार ‘मुलकी’ असावा लागे. १९१९ च्या फर्मानाने हा नियम पक्का झाला. जन्माने मुलकी नसल्यास संस्थानात पंधरा वर्षे वास्तव्य, आणि परत न जाण्याचा इरादा, हे सिद्ध करावे लागे. हा पंधरा वर्षांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे. सोलापूरचा ट्रेनिंग कॉलेज झालेला मास्तर तुळजापुरास देवीच्या दर्शनास पायी जाऊ शके, पण तेथील सरकारी शाळेत त्याचा पाड लागणे कठीण होते.

अशा माणसास मार्ग एकच उरे, खाजगी शाळेचा. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांचे नाव या उपक्रमाशी जोडलेले आहे. याच शाळेत पुढे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. आणि पदवी पुण्याच्या टिळक विद्यापीठाची, जी सरकारदरबारी पदवी म्हणून धरली जात नव्हती. जन्म परमुलखातला आणि दाखला अमान्य, असा हा दुहेरी अपात्र उमेदवार! कोणत्याही छाननी समितीने त्यांचा अर्ज पहिल्याच दिवशी बाजूस ठेविला असता. हिप्परग्याने तो ठेविला नाही. पुढे १९३५ च्या सुमारास ते अंबाजोगाईस योगेश्वरी शाळेत गेले आणि त्यानंतरचा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास सर्वश्रुत आहे.

मात्र एवढ्या एका उदाहरणावरून मुलकीचा नियम निव्वळ जुलमी होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १९४८ नंतर बाहेरच्या प्रांतांतून शिकलेल्या माणसांचा ओघ हैदराबाद राज्यात सुरू झाला, आणि ज्यांना आजवर उर्दूच्या भिंतीमुळे पुढे जाता आले नव्हते त्या स्थानिक तरुणांस आता बाहेरच्यांची गर्दी आडवी आली. १९५२ साली वरंगळ येथे जो उद्रेक झाला त्याचे मूळ शिक्षकांच्या नेमणुकांतच होते. खोटे मुलकी दाखले घेऊन परप्रांतीय शिक्षक भरले जातात, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. सप्टेंबरात हे लोण हैदराबाद शहरात पोचले, गोळीबार झाला आणि माणसे दगावली. मास्तरच्या नेमणुकीचा एक कागद, आणि त्यावरून रस्त्यात रक्त! शिक्षकाची नोकरी ही खेड्यातल्या मुलास दिसणारी पहिली सरकारी नोकरी असते. तीच परक्याने नेली तर त्याच्या मनास काय वाटते, हे आपण घरबसल्या विसरतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके या जिल्ह्यास जोडले गेले. (ते १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेले.) एकाही शिक्षकाने बिछाना गुंडाळला नाही, पण सर्वच्या सर्व परराज्यात नोकरीस लागल्यासारखे झाले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातील ११५ व्या कलमाने त्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांचे नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत, असे अभय दिले होते. पुढे १९५७ च्या कायद्याने वास्तव्याची जुनी अट तेलंगण व आणखी काही भागांपुरतीच ठेवण्यात आली; मराठवाड्यातून मुलकी हा शब्द गेला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षकांचा धनी आणखी एकदा बदलला.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा या पिढीतील शेवटचे शिक्षक निवृत्तीस टेकले होते. त्यांचे बोलणे ज्येष्ठतेच्या यादीवर आणि जन्मतारखेवर येऊन थांबे. निजामी दाखल्यात जन्म फसली सनात लिहिलेला असे. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेस ५९० आणि पुढील महिन्यांस ५९१ मिळवावे लागत. म्हणजे फसली १३३० चा दय महिना १९२० सालात सुरू होई, आणि त्याच सनाचा उन्हाळा १९२१ चा. कारकुनाने सरसकट ५९० मिळविले की चैत्रात जन्मलेला मास्तर कागदोपत्री एक वर्षाने वडील होई आणि एक वर्ष आधी घरी बसे. बिगारीच्या मुलास येणारी बेरीज, पण तीवर एका घराचा वर्षाचा पगार अवलंबून असे.

आता आजची स्थिती पाहू. उमरगा तालुक्याच्या पलीकडे बसवकल्याण व आळंद हे कर्नाटकातले तालुके लागतात. घरातली बोली दोहींकडे मराठीच, पण शासन निराळे. महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागावयास गेले की पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. निजाम गेला, आकडा राहिला! महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक उमेदवारांस तेथील पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. ही सवलत अनेक पात्र कुटुंबांस ठाऊकच नसते. आमच्या मते शिक्षकाच्या बाबतीत वर्षे मोजण्यापेक्षा त्यास मुलांची भाषा येते की नाही, हे कसोशीने पाहणे अधिक श्रेयस्कर ठरेल. पण नियम आहे तोवर तो पाळूनच पुढे गेले पाहिजे.

अध्यापनाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत झाला असेल तर तो कोणत्या राज्यात झाला, याने सहसा अडत नाही. अडते ते पात्रता परीक्षेपाशी. कर्नाटकाची ‘टीईटी’ महाराष्ट्राच्या ‘टीईटी’ऐवजी चालेल असे गृहीत धरू नये, केंद्राची ‘सीटीईटी’ मात्र येथे चालते, तीत मराठी ही भाषा घेता येते, आणि उत्तीर्णतेस आता काळाची मर्यादा नाही. म्हणून ज्या मुलीचे सासर कोणत्या राज्यात असेल हे ठरलेले नाही तिने केंद्राचीच परीक्षा आधी द्यावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या नेमणुकीसाठी अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ संकेतस्थळावरील नोंदणी ही पायरी वेगळी. तेथे उमेदवाराचे स्वतःचे शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले, हेही पाहिले जाते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. पुरेसे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. त्या वर्गांसाठी प्राथमिक शिक्षणाची पदविकाच हवी. परराज्यातील जातीच्या दाखल्यावर येथे आरक्षणाचा लाभ मिळत नाही. म्हणून अर्ज भरताना जागा कोणत्या प्रवर्गातील धरावयाची, हे आधीच ठरवावे.

सासर बदलले की नावही बदलते, आणि प्रमाणपत्रावर एक नाव व आधारपत्रावर दुसरे, अशा विसंगतीमुळे छाननीच्या दिवशी रडकुंडीस येणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. नावबदलाचे राजपत्र व विवाहनोंदणीचा दाखला लग्नानंतर पहिल्या वर्षातच करून ठेवावा. माहेरच्या शाळेचा दाखला, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि रहिवासाचे कागद माहेर सोडण्यापूर्वी पेटीत घालावेत. मागाहून ते आणविण्यास भावाच्या दोन-चार खेपा होतात.

जे आधीपासून नोकरीत आहेत त्यांनीही निश्चिंत राहू नये. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे सांगितले. ज्यांचा अवधी त्याहून कमी आहे त्यांस नोकरीत राहता येईल, परंतु परीक्षेवाचून बढती नाही. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या मास्तरास पुन्हा परीक्षेचे प्रवेशपत्र घेऊन बाकावर बसणे जड जाते, हे आम्ही समजू शकतो. घरातील नातवंडांनी त्यास जुन्या प्रश्नपत्रिका तेवढ्या उतरवून द्याव्यात.