हौशी वैमानिकाचा परवाना : वाकोल्याच्या गच्चीवरून कॉकपिटपर्यंत

इतक्या लोकांसमोर बोलायची मला सवय नाही. पण विषय असा आहे की वाकोल्यात राहणाऱ्या कुणाच्याही तो कानावरूनच गेलेला असतो. आपल्याकडे फोनवर बोलताना मध्येच थांबायची एक पद्धत आहे ना, 'थांब, विमान जातंय' म्हणायची? तर त्या आवाजात मी वाढलो. बँकेत नोकरी केली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकलो. एअरलाइनमध्ये जाण्यासाठी नव्हे, हौस म्हणून.

आधी थोडा इतिहास, कारण तो इथून रिक्षाच्या अंतरावर घडलेला आहे. 1928 मध्ये जुहूला विमानतळ सुरू झाला आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच काळातला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो या क्लबात शिकूनच. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. एअरलाइन वगैरे नंतरची गोष्ट, 15 ऑक्टोबर 1932 ची. म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतुकीची सुरुवात एका हौशी माणसाच्या परवान्यातून झाली असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मग आज जुहूला जाऊन शिकता येईल का? नाही. तिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टरं. शेजारीच सांताक्रूझचा मोठा विमानतळ, त्यामुळे शिकाऊ मुलानं तिथे गोल गोल फेऱ्या मारणं अशक्य. क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं. बारामती, गोंदिया इथेही संस्था आहेत. वाकोल्याच्या माणसाला विमान शिकायला रात्रीची एसटी पकडावी लागते, हा विनोद मी घरी पुष्कळ ऐकलाय.

हे दोन विमानतळ किती जवळ आहेत याचा एक किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8, म्हणजे चार जेट इंजिनांचं अवाढव्य विमान, सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. विमान पट्टी संपवून पुढे गेलं. जीव कुणाचा गेला नाही, पण विमान कामातून गेलं. चालवणारे नवशिके नव्हते, मंडळी.

आता परवाना. याला प्रायव्हेट पायलट लायसन्स म्हणतात, पीपीएल. डीजीसीए देते. दहावी पास आणि वय किमान सतरा. त्याआधी शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी निघतो. विमानाचे किमान चाळीस तास, त्यात एकट्यानं लांब पल्ल्याचं उड्डाण. लेखी परीक्षेत हवाई नियम, नॅव्हिगेशन, हवामान आणि विमान-इंजिन. रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा. हा पीपीएल मिळाला की मित्राला शेजारी बसवून नेता येतं, पण त्याच्याकडून भाडं घेता येत नाही. पैसे कमवायचे तर व्यावसायिक परवाना, तो वेगळा रस्ता.

खर्च विचारू नका असं म्हणणार होतो, पण विचारालच. तासाला पाच आकडी रक्कम, त्याला किमान चाळीसनं गुणा. माझे पीएफचे पैसे त्यात गेले. बायको म्हणाली होती, 'गाडी घेतली असतीस तर भाजी तरी आणता आली असती.' (हशा)

शिकण्यात सगळ्यात अवघड काय? लोकांना वाटतं, उतरणं. माझ्या मते स्टॉल. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हा गैरसमज फार आहे. संक्रांतीला पतंगाला कन्नी बांधता ना? वरचा दोरा जास्त लांब सोडला की पतंग हवेला फार उभा राहतो, थरथरतो आणि वर चढतच नाही. पंखाचंही तसंच. नाक उचलत गेलात की एका कोनानंतर हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहायची थांबते, आणि विमान खाली बसतं. अशा वेळी हात आपोआप स्टिक मागे ओढतो, कारण आपल्याला वर जायचं असतं. करायचं नेमकं उलट, स्टिक पुढे. खाली पडताना नाक आणखी खाली घालायचं! माझ्या अंगवळणी पडायला सहा तास लागले. इन्स्ट्रक्टर माझ्या निम्म्या वयाचा. तो मला 'सर' म्हणायचा आणि त्याच दमात ओरडायचा.

पहिल्यांदा एकटं सोडतात ते अचानकच. एक दिवस तो दार उघडून उतरला आणि म्हणाला, 'सर, एक सर्किट मारून या.' शेजारची खुर्ची रिकामी झाली की विमान हलकं होतं, लवकर उचलतं, हे पुस्तकात वाचलं होतं. तरी दचकलो. उतरल्यावर पोरांनी डोक्यावर बादली ओतली. तशी रीतच आहे.

आता तो लांब पल्ला. एकट्याचे एकूण पाच तास, त्यातलं एक उड्डाण किमान 150 नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण 278 किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून. मी खानदेशातून जळगावकडे निघालो. जानेवारीची सकाळ, निघताना स्वच्छ. डावीकडे अमळनेरची रेल्वेलाइन, तिच्या पलीकडे तापी, अशा खुणा नकाशावर पेन्सिलीनं केल्या होत्या. अर्ध्या वाटेत धुरकं दाटलं. तापी दिसेना. मग खाली रूळ दिसले आणि मला इतका आनंद झाला म्हणता! दोन मिनिटांनी डोक्यात आलं की जळगावला चाळीसगाव-पाचोऱ्याकडूनही लाइन येते. हे रूळ कुठले? मला ते अमळनेरचे असायला हवे होते, म्हणून ते अमळनेरचे दिसत होते. तेव्हा जुहूचं ते डीसी-8 आठवलं. रेडिओवर सांगितलं, आणि दिशादर्शक बघून परत फिरलो.

ते उड्डाण धरलं गेलं नाही. पैसे गेले, रजा गेली. पुन्हा रजा मिळायला अडीच महिने लागले. साहेबांना कारण काय सांगायचं, हा प्रश्न होताच. उतरल्यावर इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, फक्त चहा मागवला. माझ्या फाइलमध्ये त्यानं त्या दिवशी काय लिहिलं ते मला परवान्याच्या चाचणीआधी दिसलं. एकच ओळ होती : एकट्यानं सोडायला हरकत नाही.

मागे कुणीतरी विचारतंय, सुरुवात कुठून करायची? मेडिकलपासून. फी भरायच्या आधी. डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरांकडे क्लास टू तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष असेल, साखर असेल, तर ते आधी कळलेलं बरं. मी आधी फी भरली, मग तपासणीला गेलो, आणि रक्तदाबापायी दोन महिने घरी बसलो. चष्मा चालतो, काकू, चष्म्याचं काही नाही. दुसरी जोडी खिशात ठेवायची.