बरणीत उतरणारे विश्वकिरण

परमाणूच्या अंतरंगाचा शोध म्हटला की प्रचंड यंत्रे आणि अफाट खर्च आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. जिनिव्हाजवळच्या त्वरकाचा परीघ 27 किलोमीटर आहे, तेव्हा ही समजूत अगदीच निराधार नव्हे. तथापि या शास्त्राचे पहिले धडे साध्या साधनांनीच गिरवले गेले, आणि ते आजही घरी गिरवता येतात.

यासाठी लागणारे कण निसर्ग आपल्याला फुकट पुरवतो. व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ 1912 साली फुग्यातून पाच किलोमीटरांहून उंच गेले. तेथे किरणोत्सार जमिनीवरच्यापेक्षा पुष्कळच अधिक आढळला. हेच विश्वकिरण होत. अंतराळातून आलेले प्रोटॉन हवेतील अणुगर्भांवर आदळतात आणि त्या आघातातून पुढे म्यूऑन नावाचे कण जन्मतात. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटर जागेतून मिनिटाला सुमारे एक म्यूऑन जातो. म्हणजे आपल्या तळहातातून सेकंदाला एखाददुसरा तरी आरपार निघून जातोच.

हैदराबादचे या विषयाशी जवळचे नाते आहे. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्लॅस्टिकचे फुगे या शहरातून अर्ध्या शतकाहून अधिक काळ उडवले गेले आहेत. हैदराबाद चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. त्यामुळे सुमारे 17 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी ऊर्जेचे प्रोटॉन येथे सरळ खाली उतरू शकत नाहीत. पृथ्वीच्या चुंबकत्वाने येथे जणू चाळणच धरली आहे. संशोधकाला नको असलेला गाळ वरच्या वर अडतो.

घरी फुगा उडवण्याचे कारण नाही. त्याऐवजी बाष्पकोठी करावी. विल्सन यांनी 1911 साली तिच्यात कणांचे मार्ग प्रथम पाहिले. घरगुती प्रकार त्याहून सोपा आहे. काचेच्या रुंद बरणीच्या तळाशी जाड नमद्याचा तुकडा घट्ट बसवून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवावा. तोंडावर काळी केलेली धातूची चकती बसवून बरणी उलटी करावी आणि चकती कोरड्या बर्फावर टेकवावी. या बर्फाचे तापमान उणे 78 अंश असते. वरची वाफ खाली उतरते, थंड होते आणि थिजण्यास केवळ निमित्त शोधू लागते. विद्युत्भारित कण तेथून गेला की त्याच्या वाटेवरील रेणू भारित होतात, त्यांच्याभोवती सूक्ष्म थेंब जमतात आणि अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरीचा झोत टाकताच पांढरी रेषा चमकून जाते.

येथे सावधगिरी हवी. कोरडा बर्फ उघड्या हाताने धरू नये, झाकणबंद भांड्यात ठेवू नये, भांडे फुटते. त्यातून निघणाऱ्या कर्बवायूने बंद खोलीत गुदमरण्याचा धोका असतो, म्हणून खिडक्या उघड्या असाव्यात. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत नको. मुलांनी हा प्रयोग वडीलधाऱ्यांसमवेतच करावा. उच्च दाबाच्या विजेने घरी कण पळवण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये. त्यात विजेचा धक्का आणि क्ष-किरण अशी दोन्ही संकटे आहेत.

आता दिसलेली प्रत्येक रेषा आकाशातूनच आली काय? नाही. आखूड, जाड रेषा बहुधा हवेतील रेडॉन वायूपासून निघालेल्या अल्फा कणांच्या असतात. वेड्यावाकड्या रेषा मंद इलेक्ट्रॉनांच्या. लांब, सरळ, बारीक रेषा म्यूऑनची असण्याचा संभव अधिक. गच्चीवर आणि तळमजल्यावर दहा-दहा मिनिटे मोजणी करून पाहावी; पण एकदा 100 आणि पुढे 108 रेषा भरल्या तर लगेच सिद्धांत मांडू नये. एवढ्या संख्येत दहाएकांचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो.

तरीही या बरणीत दिसते ते सामान्य नव्हे. म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखांशाच्या अवघे 2.2 पट आहे. प्रकाशाच्या वेगानेही तेवढ्यात जेमतेम 660 मीटर अंतर कापले जाईल. ते जन्मतात मात्र साधारण 15 किलोमीटर उंचीवर! ते जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण अतिवेगवान वस्तूचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते, असे आइन्स्टाइन यांनी 1905 साली सांगितले होते. त्या सिद्धांताची साक्ष घरातल्या बरणीत उमटते.

दार्जिलिंगच्या डोंगरावर छायाचित्रणाच्या काचा ठेवून देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशाच कणांचे वस्तुमान काढण्याचा यत्न केला. त्यांच्या काचा साध्याच होत्या; बळ होते ते चिकाटीच्या मोजमापात. घरी प्रयोग करणाऱ्यानेही तेवढे पथ्य पाळावे: वहीत दोन रकाने आखावे, एकात दिसले ते लिहावे आणि दुसऱ्यात, त्यावरून काय वाटले ते.