दिवा दिसला नाही तर थांबायचं

तुमसर रोड हे स्टेशन तुमसर शहरात नाही, देव्हाडीत आहे. हावडा–नागपूर–मुंबई या मार्गावरचं हे जंक्शन. तिरोडीकडे जाणारी शाखा इथूनच फुटते आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मॅंगनीज त्याच शाखेने बाहेर पडतं. रात्री इथे उतरणारा माणूस ऑटो शोधतो आणि घरी जातो. मी थांबलो तो एका हिरव्या दिव्यासाठी.

त्याचं निमित्त फार लांबून आलं. माझा भाचा कोलोरॅडोत असतो. तो स्की करतो, पण तिकीट काढून जायच्या तयार उतारांवर नाही, मोकळ्या डोंगरात. तिथे हिमस्खलनाची भीती असते. म्हणून एका वेळी एकानेच उतरायचं आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, असा शिरस्ता. दोघांमध्ये अंतर पडतं, वाऱ्यात हाक पोचत नाही, जाड हातमोजे घालून वॉकीटॉकीचं बटण दाबणं कठीण जातं. अशा वेळी काही जण हिरवा लेझर वापरतात. समोरच्या बर्फावर ठिपका टाकून दाखवायचं की त्या खडकाच्या डावीकडून ये, तिथे थांब. हिरवाच का, तर तेवढ्याच ताकदीच्या लाल लेझरपेक्षा हिरवा माणसाच्या डोळ्याला खूप ठळक दिसतो. मात्र लखलखीत उन्हात तोही बर्फावर हरवतो. भाचा हे उत्साहाने सांगत होता आणि मला रेल्वेची हातबत्ती आठवत होती. लांबच्या जोडीदाराला प्रकाशाने सांगायचं, हे काम आपल्याकडे रोज रात्री चालतं. १८८०च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वे इथून गेली आणि पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली, तेव्हापासून रेल्वेचं काम दिव्याच्या इशाऱ्यावर चालत आलं आहे.

फलाटाच्या टोकाशी पॉइंट्समन उभा होता. पन्नाशीचा, कानाला मफलर, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात तीन रंगांची एलईडी बत्ती. पूर्वी हीच बत्ती रॉकेलवर चालायची, आत रंगीत काच फिरवायची. मी चहाला बोलावलं तर म्हणाला, "गाडी जाऊ द्या, मंग येतो जी."

कोरब्याकडून कोळसा भरून येणारी मालगाडी होती. स्टेशन मास्तर इमारतीच्या बाजूला हिरवा दिवा धरून उभे राहिले. पॉइंट्समन रूळ ओलांडून पलीकडच्या अंगाला गेला. गाडीच्या दोन्ही बाजू कोणीतरी पाहिल्या पाहिजेत, म्हणून दोन माणसं दोन बाजूंना. इंजिन जवळ आलं, त्याने दिवा स्थिर धरला. इंजिनाच्या खिडकीतून तसाच हिरवा दिवा बाहेर आला. सगळं ठीक, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं. माझ्या मते काम संपलं होतं. त्याचं तर तेव्हा सुरू झालं.

डब्यामागून डबा जात होता. तो किंचित वाकून चाकांकडे बघत होता. कुठे काही लोंबतंय का, दार उघडं राहिलंय का, एखादा अ‍ॅक्सल तापून लाल झालाय का. ब्रेकचा जळका वास आणि ओल्या कोळशाचा वास एकत्र अंगावर आला. नंतर चहा पिताना तो म्हणाला, "तापलेल्या अ‍ॅक्सलचा वास आधी येते, मंग दिसते." हिरवा दिवा धरलेल्या हाताचा अंगठा बटणावरच होता. काही दिसलं तर त्याच क्षणी लाल. शेवटच्या डब्याचा लुकलुकणारा लाल दिवा गेला, म्हणजे गाडी पुरी गेली, मधे तुटून मागे काही राहिलं नाही. गार्डच्या डब्यातूनही हिरवा दिवा आला. २०२२पासून गार्डचं पदनाम ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण फलाटावर सगळे अजून गार्डच म्हणतात.

मी विचारलं, आता सगळ्यांकडे वॉकीटॉकी आहे, मग दिवा कशाला?

"साडेसहाशे मीटर गाडी हाये जी," तो म्हणाला. "डायवर त्या टोकाले, गार्ड या टोकाले. वॉकीटॉकीवर आवाज येते, पन बोलनारा कुठं उभा हाये ते थोडीच दिसते?"

साडेसहाशे मीटर. अठ्ठावन्न डबे आणि पुढे इंजिन. भरलेल्या गाडीचं वजन पाच हजार टनांच्या वर जातं. हा आकडा डोक्यात घेऊन मी पादचारी पुलावर गेलो, कारण शेजारच्या लाइनवर डब्यांना इंजिन लावायचं काम निघालं होतं आणि ते वरून नीट दिसतं.

इथे दिव्याला व्याकरण आहे. हिरवा दिवा सावकाश वर-खाली हलवला तर माझ्यापासून लांब जा. आडवा, अंगासमोरून डावीकडे-उजवीकडे, तर माझ्याकडे ये. डबा जोडायची वेळ आली की हिरवा दिवा डोक्याच्या वर धरून नुसतं मनगट फिरवायचं, म्हणजे अगदी हळू. लाल म्हणजे थांब. हाताशी लाल नसेल तर पांढरा दिवा अंगासमोरून आडवा, जोरात हलवायचा, तोही थांबाच. मनगट फिरवण्याचा तो इशारा मी डोळे ताणून पाहत राहिलो. सव्वाशे टनांच्या आसपास वजनाचं इंजिन अंधारातून मागे सरकत होतं, आणि कुंकवाच्या बोटाएवढा तो ठिपका एकाच जागी थरथरत होता. मधेच तो विझला. इंजिन लगेच उभं राहिलं. दिवा धरणाऱ्याने पलीकडे जाऊन तो पुन्हा दाखवला, तेव्हा ते हललं.

दिवा दिसेनासा झाला तर थांबायचं, हा शंटिंगचा, म्हणजे डबे जोडण्या-सोडवण्याच्या कामाचा, पाया आहे. फक्त शंटिंगचाच नाही. खांबावरचा सिग्नल विझलेला असेल किंवा नीट कळत नसेल, तर चालकाने तो सर्वांत कडक अर्थाने घ्यायचा, असा रेल्वेचा नियम आहे. "काही सांगितलं नाही म्हणजे हो" असं आपण घरात, कचेरीत, रस्त्यावर सर्रास धरून चालतो. रुळांवर ते चालत नाही. वैनगंगेकडून हिवाळ्यात धुकं चढतं आणि दिवा दिसणंच बंद होतं, तशा वेळेसाठीही तजवीज आहे. सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरवर, एकमेकांपासून १० मीटर अंतर ठेवून दोन फटाके रुळावर बांधतात. चाकाखाली ते फुटले की चालकाला कळतं, सिग्नल जवळ आला.

लेझर आणि हातबत्ती यांतला फरक मला त्या पुलावर नीट उमगला. लेझर जागेवर टाकायचा असतो. माणसाच्या डोळ्यांवर तो कधीच धरायचा नाही, इजा होते. हातबत्ती थेट माणसाकडे धरतात, त्याने तिच्याकडे बघावं म्हणूनच ती बनवली आहे. लेझर सांगतो, कुठे जायचं. बत्ती सांगते, मी इथे उभा आहे, मला बघून चल. इंजिन आणि डबा यांच्या मधे शिरणाऱ्या माणसासाठी ही दुसरी गोष्ट जीवनमरणाची आहे. ९ नोव्हेंबर २०२४ला बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर इंजिन सोडवताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मधे चिरडून मेला. इशाऱ्यातली गफलत हेच कारण तेव्हा चर्चेत आलं. मी हे काढलं तेव्हा पॉइंट्समन थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दिवा दाखवनारा न मधे जानारा, दोघायची नजर एक पायजे. नाही तं मधे जाऊच नाही."

वॉकीटॉकी चांगलीच आहे, ती असावी. पण तिच्यामुळे बत्ती धरणारा एक हात कमी करता येईल असा हिशेब कोणी मांडत असेल, तर त्याने एकदा इथे रात्री उभं राहावं. साडेसहाशे मीटरच्या गाडीची एक बाजू एका माणसाने बघायची आहे, आणि दुसरी दुसऱ्याने. एकाच माणसाला दोन्ही बाजूंना उभं राहता येत नाही.

वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. फलाटावर रील काढताना इंजिनाकडे मोबाइलचा दिवा हलवू नका आणि लेझर तर मुळीच मारू नका. जोरात हलणारा पांढरा दिवा चालकासाठी धोक्याचा इशारा आहे आणि साडेसहाशे मीटरची गाडी गमतीखातर उभी करायची नसते. पण रात्री रुळावर झाड पडलेलं दिसलं किंवा रूळ तुटलेला दिसला, तर हाच इशारा तुमच्याही हातात आहे. स्टेशनला कळवा, गेटमनला गाठा. तेवढ्यात गाडी आलीच, तर रुळांपासून लांब बाजूला उभे राहा, तिच्याकडे तोंड करा आणि मोबाइलचा दिवा अंगासमोरून आडवा, जोरजोराने हलवत राहा.