मनसे: १३ आमदारांवरून शून्यावर

महाराष्ट्र नवनिर्माण सेना (मनसे) राज ठाकरे यांनी शिवसेनेतून बाहेर पडून ९ मार्च २००६ रोजी स्थापन केली. २००३ मध्ये उद्धव ठाकरे शिवसेनेचे कार्याध्यक्ष झाल्यापासून वाढत गेलेला दुरावा या फुटीच्या मुळाशी होता. मराठी तरुणांना नोकऱ्या, दुकानांवर मराठी पाट्या, परप्रांतीयांच्या लोंढ्याला विरोध हा कार्यक्रम नवा नव्हता. १९६६ मध्ये शिवसेना याच प्रश्नांवर उभी राहिली होती. नवे होते ते तरुण नेतृत्व आणि सभा जिंकणारे वक्तृत्व.

२००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांविरुद्ध पक्षाचे आंदोलन पेटले. ऑक्टोबरमध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. स्थानिकांच्या रोजगाराचा प्रश्न खराच होता, पण परीक्षेला आलेल्या गरीब पोरांना मारून तो सुटणारा नव्हता. मते मात्र मिळाली. २००९ च्या विधानसभेत पक्षाचे १३ आमदार निवडून आले आणि अनेक ठिकाणी सेना-भाजपची मते फुटली. २०१२ मध्ये नाशिक महापालिकेत ४० नगरसेवक आणि महापौरपद मिळाले, पुण्यात २९ नगरसेवक आले. हाच पक्षाचा सर्वोच्च काळ.

पक्षाची खरी उणीव पुणे जिल्ह्यात नीट दिसते. कारेगाव-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचा प्रश्न रोजचा. पक्षाला इथे जमीन तयार होती. पण ग्रामीण राजकारण सोसायट्या, दूध संघ, बाजार समित्या आणि साखर कारखाने यांच्यावर चालते. तिथे मनसेची माणसे नव्हती. त्यामुळे जिल्ह्यातले यश व्यक्तींच्या बळावर आले आणि त्यांच्याबरोबरच गेले. २००९ मध्ये खडकवासल्यातून रमेश वांजळे निवडून आले. जून २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी राष्ट्रवादीकडून उभ्या राहिल्या आणि जागा भाजपकडे गेली. २०१४ च्या मोदी लाटेत राज्यभरात मनसेचा एकच आमदार निवडून आला, शिरूर लोकसभा मतदारसंघातल्या जुन्नरचे शरद सोनवणे. २०१९ मध्ये तेही शिवसेनेत गेले.

२०१७ मध्ये नाशिकचे ४० नगरसेवक ५ वर आले, पुण्याचे २९ वरून २ वर. पक्षाची भूमिकाही स्थिर राहिली नाही: २०१४ मध्ये मोदींना पाठिंबा, २०१९ मध्ये त्यांच्याविरुद्ध सभा, २०२० मध्ये भगवा झेंडा व हिंदुत्व, २०२४ मध्ये पुन्हा मोदींना बिनशर्त पाठिंबा. मराठीच्या मुद्द्यावर आलेला मतदार या वळणांवर एकेक करून उतरत गेला.

२०२४ च्या विधानसभेत मनसेला एकही जागा मिळाली नाही. माहीममध्ये राज यांचे पुत्र अमित ठाकरे तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्याच निवडणुकीत जुन्नरमधून शरद सोनवणे पुन्हा आमदार झाले, अपक्ष म्हणून.