विमच्या युक्त्या विकीवर का गेल्या?

विम हा प्रोग्रामर मंडळी वापरतात तो टेक्स्ट एडिटर. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. यात बहुतेक कामे माउसशिवाय, कीबोर्डवरूनच होतात. उदाहरणार्थ, एखाद्या शब्दावर कर्सर ठेवून तारांकित चिन्ह (*) दाबले की तोच शब्द पुढे जिथे आला असेल तिथे कर्सर जातो. अशा युक्त्या वापरकर्ते विमच्या संकेतस्थळावर एकमेकांसाठी लिहून ठेवत. हळूहळू त्या दीड हजारांवर गेल्या.

मग अडचण काय होती?

युक्ती चुकीची किंवा जुनी असली, तर दुसऱ्याला तिच्याखाली फक्त टीप जोडता येई. वरचा मजकूर तसाच राही. २००६ मध्ये विमची सातवी आवृत्ती आली आणि शुद्धलेखन तपासणी, टॅब या सोयी आतच मिळाल्या. त्यासाठीच्या जुन्या खटपटी निरुपयोगी झाल्या, पण नवखा वाचक त्याच करून पाहणार!

म्हणून २००७ मध्ये हा संग्रह विकीवर हलवण्यात आला. विकीवर मूळ मजकूरच सुधारता येतो, सारख्या युक्त्या एकत्र करता येतात. कुणी चूक केली तरी जुनी आवृत्ती जपलेली असते, ती परत आणता येते.

मात्र जागा बदलली म्हणून मजकूर आपोआप सुधारत नाही. प्रत्येक युक्ती करून पाहायची, खालच्या टिपांतले उपयोगी तेवढे वर घ्यायचे, बाकीचे काढायचे, हे काम माणसांनाच करावे लागते. विकीमुळे ते कुणालाही करता येते, एवढाच फरक. पण तोच महत्त्वाचा.